फौंड्रीची माती आणि भज्यांचं तेल: एका बायोडिझेल प्रकल्पाचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल बनवणारा एक लहान प्रकल्प आहे. बॅचला टनभर तेल, तापवायची एक टाकी, एक रिॲक्टर, एक फिल्टर प्रेस, धुण्याच्या दोन टाक्या आणि मोजकी माणसं, एवढाच त्याचा पसारा. तेल मातीनं शुद्ध करायला सुरुवात केली आणि तिथलं गणित बिघडलं, तेव्हा मला बोलावणं आलं. फिल्टर प्रेसची कापडं बॅच अर्धी व्हायच्या आत तुंबत होती. धुण्याच्या टाकीत वर बायोडिझेल, खाली पाणी आणि मधे हातभर जाडीचा पांढरट थर दिसायचा, तो रात्रभर ठेवला तरी फुटत नव्हता. त्या थरात अडकलेला माल दर बॅचला ड्रममध्ये काढून ठेवावा लागे, आणि शेडच्या मागे अशा ड्रमांची रांग लागली होती.

मालकांचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, माती घातली की तेल उजळतंय, एव्ही पण कमी येतीय. मग पुढं गाडं अडतंय कुठं?"

तेल उजळतं हे खरं होतं. आम्लांक (तेलातल्या मोकळ्या आम्लाचं माप), म्हणजे ते म्हणत होते ती एव्ही, कमी येतो हेही खरं होतं. मी स्वतः टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत कॉस्टिक सोडून आम्ल मोजायची चाचणी, करून पाहिलं. त्यावरून त्यांनी धरलेलं अनुमान मात्र चुकीचं होतं: माती आम्ल शोषते, म्हणून जितकी जास्त माती तितकं कमी आम्ल. वापरलेल्या तेलावर काम करणाऱ्या अनेक लहान प्रकल्पांत मी हाच समज ऐकलाय, आणि तो फार महागात पडतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

तेल कुठून येत होतं

प्रकल्पात तेल तीन ठिकाणांहून यायचं. पहिलं फरसाण आणि भडंगाच्या कारखान्यांतून. तिथे मोठ्या कढया दिवसभर तापलेल्या असतात, पण प्रत्येक घाण्याबरोबर माल तेल पिऊन जातो आणि वरून ताजं तेल पडत राहतं, त्यामुळे कढईतलं तेल फार म्हातारं होत नाही. दुसरं वडा-भजी-मिसळीच्या हॉटेलांतून आणि गाड्यांवरून. तिसरं चायनीज आणि चिकन ६५ च्या गाड्यांवरून, आणि ते सगळ्यात वाईट: त्यात पाणी, मीठ, कॉर्नफ्लॉवरचा चिकटा आणि कोंबडीची चरबी. तिन्ही तेलं येतील तशी एकाच टाकीत ओतली जात होती.

तळताना तेलाचं काय होतं हे थोडक्यात सांगते. कढईत तेल १७० ते १८० अंशांवर असतं. बटाट्यातलं, कांद्यातलं पाणी वाफ होऊन निघताना तेलाचे रेणू तोडतं आणि त्यातून मोकळी स्निग्धाम्लं सुटतात. हवेमुळे तेल ऑक्सिडाइझ होतं, उष्णतेनं रेणू एकमेकांना चिकटून जड होतात. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून नियम केलाय की तेलातले एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तळताना तेल बिघडून तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळणाला वापरायचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रुको’ हा उपक्रम सुरू झाला, असं तेल पुन्हा अन्नात न येता बायोडिझेलकडे जावं म्हणून. १ मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. वडापावची गाडी या ५० लिटरच्या खालीच राहते. तिचं तेल नीट गोळा झालं नाही तर ते गटारात तरी जातं, नाहीतर स्वस्तात विकलं जाऊन दुसऱ्या कढईत तरी येतं. अशा लहान प्रकल्पांनी टिकावं असं मला मनापासून वाटतं, ते या कारणासाठी.

आता आम्लाचं गणित. आम्लांकाला साधारण २ नं भागलं की मोकळ्या स्निग्धाम्लांची टक्केवारी मिळते. फरसाणच्या तेलाचा आम्लांक ३ च्या आसपास यायचा, वडा-भज्यांच्या तेलाचा ९ ते १०, चिकनच्या गाड्यांचा १४ पर्यंत. टाकीत सगळं मिसळून ८, म्हणजे ४ टक्के मोकळं आम्ल. टनभर तेलात ४० किलो.

बायोडिझेल करताना तेलात मेथॅनॉल आणि उत्प्रेरक म्हणून कॉस्टिक सोडा घालतात. कॉस्टिक आधी मोकळ्या आम्लाला भिडतो आणि त्याचा साबण करतो. उरला तर उत्प्रेरक म्हणून कामाला येतो. ४० किलो आम्लाला पावणेसहा किलोच्या आसपास कॉस्टिक लागतो आणि त्याचा ४३ किलो साबण होतो. म्हणजे खऱ्या कामासाठी लागतो त्याच्या दीडपट कॉस्टिक नुसता साबण करण्यात जात होता. हा साबण बायोडिझेल आणि पाणी दोघांनाही धरून बसतो. धुण्याच्या टाकीतला पांढरा थर तोच. आम्ल दोन टक्क्यांच्या आत असेल तर ही पद्धत निभते, एक टक्क्याच्या आत असेल तर सुखानं चालते. ४ टक्क्यांवर ती चालणारच नव्हती, माती असो वा नसो.

टायट्रेशनमधली हळद

मातीकडे जाण्याआधी एक छोटी गोष्ट, कारण तिच्यामुळे सगळे आकडे डळमळत होते.

लहान प्रकल्पांत टायट्रेशन साधं असतं. १ मिलिलिटर तेल १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि लिटरला १ ग्रॅम कॉस्टिक असलेलं द्रावण गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंबाथेंबानं सोडायचं. जितके मिलिलिटर गेले तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटर तेलाला नेहमीपेक्षा जास्त. ऑपरेटर हे काम मन लावून करत होते, पण वडा-भज्यांच्या तेलाला त्यांचा आणि माझा आकडा जुळत नव्हता.

कारण हळद. वड्याच्या सारणात आणि पिठात हळद असते, तिचा रंग थोडा तेलात उतरतो, आणि हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत पिवळ्याचं तांबडं होतं. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे. फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी व्हायच्या आधीच हळद तांबूस होत होती आणि ऑपरेटर तिथेच थांबत होते. आम्लांक खऱ्यापेक्षा कमी नोंदवला जायचा, कॉस्टिक कमी पडायचा आणि रूपांतर अर्धवट राहायचं. गडद तेलासाठी अल्कली ब्लू वापरतात; आम्ही थायमॉल्फ्थॅलिन घेतलं, ते रंगहीनाचं निळं होतं. निळा आणि तांबडा यांत गल्लत होत नाही. या एका बाटलीनं बॅचमधली निम्मी अनिश्चितता गेली असं मी म्हणेन.

पहिली माती

प्रकल्पात कुठली माती वापरत होते, हे विचारायला मला जरा उशीरच लागला असता, पण पोतं समोरच होतं. बेंटोनाइट, फौंड्री ग्रेड. कोल्हापूरच्या आसपास फौंड्र्या, म्हणजे धातूचं ओतकाम करणारे कारखाने, पुष्कळ आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात बेंटोनाइट हा रोजच्या वापरातला माल आहे. साच्याची वाळू बांधायला तो लागतो. शेजारच्या फौंड्रीतून पोती मिळत होती, दर बरा होता, आणि बेंटोनाइटनं तेल शुद्ध होतं हे कुणीतरी सांगितलं होतं. सांगणाऱ्याचं चूक नव्हतं. मातीचं नाव तेच होतं, पण ती दुसऱ्या कामासाठी तयार केलेली होती.

बेंटोनाइटमधला मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याची घडण पापुद्र्यांची असते. दोन बाजूंना सिलिकाचा पत्रा, मधे ॲल्युमिनाचा, असा एक पापुद्रा. मधल्या पत्र्यात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळे पापुद्र्यावर ऋण प्रभार राहतो, आणि तो भागवायला दोन पापुद्र्यांच्या मधे कॅल्शियम किंवा सोडियमचे आयन येऊन बसतात. सोडियम असेल तर माती पाण्यात भरपूर फुगते, कॅल्शियम असेल तर बेताची. फौंड्रीला फुगणारी, चिकटणारी माती हवी असते. निसर्गात कॅल्शियमची माती जास्त सापडते, म्हणून तिच्यात सोडा ॲश (धुण्याचा सोडा) मिसळून ती सोडियमची करतात. अशा मातीत थोडा मोकळा सोडा उरतो आणि ती अल्कधर्मी असते.

ती माती ओल्या, आंबट तेलात पडली की काय होणार? मातीतला सोडा मोकळ्या आम्लाला भिडतो आणि तिथल्या तिथे साबण होतो. टनाला ३ टक्के म्हणजे ३० किलो माती घालत होते. तिच्यात अर्धा किलो सोडा मोकळा असला तरी तीनेक किलो साबण होतो. आम्लांक ८ वरून साडेसातच्या आसपास येत होता तो यामुळे. आम्ल कुठे गेलं नव्हतं, साबण होऊन तेलातच किंवा मातीतच बसलं होतं. वर तेलातलं पाणी पिऊन माती फुगत होती. फुगलेली माती आणि साबण यांचा जो लगदा होतो तो फिल्टरच्या कापडावर बसला की तेलाला वाटच राहत नाही. आणि जो साबण कापडातून पुढे जायचा, तो रिॲक्टरमधल्या ४० किलोंच्या साबणात भर घालायचा.

याची खात्री करायला साबणाची चाचणी केली. ॲसिटोनमध्ये थोडं पाणी आणि ब्रोमोफिनॉल ब्लू घालून त्यात तेल हलवायचं. साबण असेल तर वरचा थर हिरवट-निळा होतो, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून तो पिवळा करायचा आणि आम्ल किती गेलं ते मोजायचं. माती घालण्याआधीचं तेल जवळजवळ पिवळंच राहिलं. मातीतून काढलेलं तेल निळं झालं. मालक आणि ऑपरेटर दोघंही टेबलाशी उभे होते. ऑपरेटर म्हणाले, "म्हंजे साबण आपणच करायलोय की." मला पुढे फारसं समजावावं लागलं नाही.

माती काय धरते, काय सोडते

मुलतानी माती चेहऱ्याला लावली की तेलकटपणा ओढून घेते. तीही याच कुळातली. पण ती सगळंच ओढते असं नाही. मातीच्या पृष्ठभागाला ध्रुवीय, प्रभारित किंवा चपटे रंगद्रव्याचे रेणू आवडतात. वापरलेल्या तेलातून ती साबण धरते, लोखंड-तांब्यासारख्या धातूंचे अंश धरते, कोंबडीच्या आणि अंड्याच्या अंशांतून आलेली फॉस्फोलिपिडं, म्हणजे फॉस्फरस असलेले स्निग्ध पदार्थ, धरते, ऑक्सिडेशनमधून झालेले काही घटक आणि रंग धरते, बेसनाची न गाळली गेलेली धूळ धरते. मोकळी स्निग्धाम्लं थोडी चिकटतात, पण तेलात त्यांचं प्रमाण इतकं असतं की २-३ टक्के मातीनं त्यात दिसण्याजोगा फरक पडत नाही. एकमेकांना चिकटून जड झालेले तेलाचे रेणूही बहुतांशी तसेच राहतात. म्हणून ज्या तेलाची कढईत पार वाट लागली आहे, त्याचं बायोडिझेल रंगानं सुंदर दिसलं तरी घट्टच राहतं. भारतीय मानक आयएस १५६०७ प्रमाणे एस्टरचं, म्हणजे मालातल्या खऱ्या बायोडिझेलचं, प्रमाण किमान ९६.५ टक्के हवं. असं तेल तिथे अडतं.

मालकांच्या भावाची शेती आहे. त्यांनी विचारलं, आपल्या रानातली काळी माती चालंल का? प्रश्न चांगला होता. दख्खनच्या काळ्या मातीत याच कुळातलं खनिज भरपूर असतं. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात ती फुगून चिकट होते ते त्यामुळेच. पण तिच्यात चुनखडी, वाळू, सेंद्रिय पदार्थ आणि लोहसंयुगं मिसळलेली असतात. चुनखडी आम्लाशी भिडून कॅल्शियमचा साबण करते, आणि तो तर पाण्यातही विरघळत नाही. धुऊन, निवळून, बारीक भाग वेगळा काढून प्रयोगशाळेत तिच्यावर काम करता येईल. कुणा महाविद्यालयानं ते जरूर करावं. टनभर तेलाच्या बॅचला मात्र ती सरळ रानातून उचलून घालता येत नाही.

दुसरी माती

मधल्या काळात मालकांनी एका व्यापाऱ्याकडून आम्लानं सक्रिय केलेली माती मागवली होती. कच्छमध्ये, भुजच्या परिसरात, बेंटोनाइटचे मोठे साठे आहेत आणि तेल शुद्धीकरणासाठी अशी माती तिथे तयार होते. बेंटोनाइटवर गंधकाम्ल किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया केली की पापुद्र्यांमधले आयन आणि कडेचं ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम निघून जातं, माती सच्छिद्र होते आणि पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो. खाद्यतेलाच्या कारखान्यांत हीच वापरतात. रंग काढण्यात तिला तोड नाही.

आम्ही २०० ग्रॅम तेलाचे नमुने बीकरमध्ये घेऊन दोन्ही माती शेजारी शेजारी लावल्या. फौंड्रीच्या मातीनं आम्लांक उतरला होता, या मातीनं तो किंचित चढला. मालकांना हे पटेना. त्यांनी पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच. कारण असं, की या मातीच्या अंगात आम्लता शिल्लक असते. तेलात आधीच थोडा साबण असेल तर ती त्याचं पुन्हा आम्ल करते. तेल ओलं आणि गरम असेल तर ती तेलाचे रेणू तोडायलाही मदत करते. तेलशुद्धीच्या कारखान्यात याची काळजी नसते, तिथे उरलेलं आम्ल पुढे वाफेनं उडवून काढतात. आपल्याकडे पुढची पायरी कॉस्टिकची.

तिला नावं ठेवायचं कारण नाही. साबण आणि धातू काढायला ती उत्तम. पण आम्हाला उजळ रंगाची गरज नव्हती. डिझेलच्या टाकीत रंग कोण बघतो? खाद्यतेलाच्या बाजारात उजळ रंगाला पैसे मिळतात, इथे मिळत नाहीत. आणि तिचा दर फौंड्रीच्या मातीच्या कितीतरी वर होता.

शेवटी कच्छचाच साधा, सोडा न मिसळलेला, कॅल्शियमचा बेंटोनाइट घेतला. सामू (पीएच) उदासीनच्या आसपास आहे हे प्रत्येक पोत्यातली चिमूट पाण्यात कालवून पट्टीनं बघायचं, असं ठरवलं. ११० अंशांवर तो वाळवायचा; याहून फार तापवण्यात काही मिळत नाही, आणि ५०० अंशांच्या पुढे गेलं तर पापुद्र्यांची घडणच मोडते. माती ओतताना मास्क सक्तीचा केला, कारण बेंटोनाइटच्या धुळीत बारीक क्वार्ट्झ असतं आणि ते फुप्फुसात गेलं की परत येत नाही.

क्रम बदलला

तीन तेलं वेगळी ठेवायला सुरुवात केली. खर्च काय, तर दोन जुन्या टाक्या रंगवून घेतल्या.

आलेलं तेल आधी कोमट करून निवळायचं. खालचं पाणी, पिठाचा आणि मिठाचा गाळ काढून टाकायचा. मग जाळीतून गाळून १०५ ते ११० अंशांवर, फेस थांबेपर्यंत ढवळत तापवायचं. पाणी गेलं का हे बघायला ऑपरेटरांनी स्वतःचीच रीत काढली: गरम तव्यावर थेंब टाकायचा, तडतडला तर पाणी आहे. यंत्राइतकी ही नेमकी नाही, पण कारखान्यात ती रोज होते आणि हेच महत्त्वाचं. कोरड्या तेलात माती फुगत नाही. कापडं तुंबायची निम्मी तक्रार मातीला हात न लावता इथेच संपली.

मग तेल ८० ते ९० अंशांवर आणून माती घालायची, अर्धा तास ढवळायची, गरम असतानाच फिल्टर करायचं. मातीचं प्रमाण बीकरमध्ये १, २, ३ आणि ५ टक्क्यांवर बघितलं. १ टक्क्याला साबण आणि गाळ पुरता जात नव्हता. २ टक्क्यांपुढे रंग उजळत होता, पण साबणाच्या चाचणीत फरक पडेनासा झाला. फरसाणच्या तेलाला २ टक्के, गाड्यांच्या तेलाला ३ टक्के, असं ठरलं. जास्त माती फुकट नसते, कारण वापरलेल्या मातीच्या वजनात साधारण २० ते ४० टक्के तेलच असतं. ३० टक्के धरलं तर टनाला ३ टक्के मातीबरोबर १३ किलो तेल जातं, ५ टक्क्यांना २१ किलो. उजळ रंगासाठी ८ किलो तेल फेकायचं का, असा हिशेब मांडल्यावर ५ टक्क्यांचा विषय मिटला.

आम्लाची जबाबदारी मातीकडून काढून घेतली. फरसाणच्या तेलात आम्ल दीड टक्का, ते सरळ कॉस्टिकच्या वाटेनं जाऊ शकतं. साबण टनाला १६ किलो होतो, तो सांभाळता येतो. वडा-भजी आणि चिकनच्या तेलाला आधी गंधकाम्ल आणि मेथॅनॉल घालून ६० अंशांच्या आसपास शिजवायचं. यात मोकळ्या आम्लाचंच बायोडिझेल होतं. म्हणजे जे आधी साबण होऊन वाया जात होतं ते मालात येतं. अडचण एवढीच, की या प्रक्रियेत पाणी तयार होतं; ५ टक्के आम्लाच्या टनभर तेलातून तीन किलोंहून जास्त. ते साचलं की प्रक्रिया मंदावते. म्हणून मेथॅनॉल भरपूर घालायचं, नंतर निवळून पाणी, मेथॅनॉल आणि आम्लाचा थर वेगळा काढायचा, तेल पुन्हा वाळवायचं, आम्लांक २ च्या खाली आलाय हे बघायचं आणि मगच फरसाणच्या तेलात मिसळून पुढे न्यायचं. या पायरीच्या आधी माती घालणं मला योग्य वाटलं, कारण कोंबडीच्या तेलातली फॉस्फोलिपिडं आणि पिठाचा चिकटा राहिला तर हाच थर वेगळा होत नाही.

मेथॅनॉलचा हिशेबही नव्यानं केला. टनभर तेलाला रसायनशास्त्राच्या गणितानं ११३ किलोच्या आसपास मेथॅनॉल लागतं, पण प्रक्रिया पुढे रेटायला दुप्पट घालतात, म्हणजे २८५ लिटर. यातलं निम्मं परत मिळायला हवं, आणि ते परत मिळवणारा कंडेन्सर प्रकल्पात नावापुरता होता. तो दुरुस्त करून घेतला. मेथॅनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला ते मिसळलेल्या दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. त्याचे ड्रम आता कुलुपात असतात आणि लिटरवारी नोंद होते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते उघड्यावर, गेटपासून दहा पावलांवर होते, आणि ते बघून माझी झोप उडाली होती.

या बदलांनंतर धुण्याच्या टाकीतला थर तासाभरात फुटू लागला. कापडं बॅच संपेपर्यंत टिकू लागली. शेडमागच्या ड्रमांतला जुना माल गंधकाम्लानं फोडून, त्यातलं तेल आणि आम्ल वर काढून, तोही आम्लाच्या वाटेनं हळूहळू संपवला.

वापरलेली माती

हा भाग प्रकल्पांच्या अहवालात एका ओळीत उरकतात. तो तसा उरकू नये.

फिल्टर उघडला की तेलानं भिजलेली, गरम मातीची वडी निघते. ती पोत्यात भरून शेडच्या भिंतीशी लावून ठेवायची पद्धत होती. एका दुपारी त्यातल्या एका पोत्यातून धूर निघू लागला. आग दिसत नव्हती, जवळ विस्तव नव्हता, कुणी विडीही ओढलेली नव्हती. मातीच्या प्रचंड पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर पसरलेला असतो. हवा त्याला भिडते, तेल ऑक्सिडाइझ होतं आणि उष्णता निर्माण होते. पोत्याच्या पोटातून ती बाहेर पडू शकत नाही, तापमान चढत जातं आणि शेवटी माती आपोआप धुमसते. सोयाबीन, सूर्यफूल यांसारख्या तेलांत हा धोका जास्त, कारण ती हवेशी लवकर भिडतात. पामतेलात कमी, पण नाही असं नाही. गोळा केलेलं तेल तर मिश्रच असतं. त्या दिवशी पोतं ओढून उघड्यावर आणलं आणि पाणी मारलं म्हणून निभावलं. मेथॅनॉलचे ड्रम तेव्हा कुठे होते ते वर सांगितलंच आहे.

आता वडी निघाली की ती पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात, पाणी शिंपडून, थंड होईपर्यंत शेडपासून लांब ठेवतात. फिल्टर उघडण्याआधी वडीतून हवा फुंकून तेल काढायची सवय होती, ती बंद केली. गरम वडीत हवा घालणं म्हणजे धुमसण्याला निमंत्रण. वाफ देऊन तेल काढणं चांगलं, पण त्यासाठी लहान बॉयलर हवा, तो अजून नाही. माती वीटभट्टीला जाते. मातीतलं तेल तिथे जळणाला येतं आणि माती विटेत जाते. या विल्हेवाटीचा उल्लेख प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात करून घ्या, असं मी मालकांना लेखी दिलं आहे. भट्टीवाल्यालाही सांगितलं आहे की ही माती ढिगानं साठवू नका, आणली की वापरा.

गेटवरचा दर

रसायनशास्त्र जागेवर आलं तरी गाड्यांच्या तेलाचा आम्लांक जोवर १४ आहे तोवर दर बॅचला दोन वेळा शिजवणं, दोन वेळा मेथॅनॉल आणि जास्त माती लागणारच. त्यावर मालकांनी स्वतः काढलेला उपाय मला सगळ्यात आवडला. तेल आता गेटवरच तपासलं जातं. डब्याच्या तळातून नळीनं नमुना काढायचा, कारण पाणी तळाशी असतं आणि वरून बघितलं तर दिसत नाही, तव्यावर थेंब टाकायचा, टायट्रेशन करायचं. आम्लांकाच्या तीन पायऱ्या आणि त्याप्रमाणे तीन दर. पाणी निघालं तर वजनातून वजा. दरपत्रक मराठीत लिहून गेटवर लावलं आहे आणि टेम्पोवाल्याकडे त्याची प्रत असते.

पहिल्यांदा कुरकुर झाली. एका भजीवाल्या मावशींनी टेम्पोवाल्याला चांगलंच सुनावलं, की तेल ते तेल, त्यात आंबट-गोड काय. पण दर समजल्यावर त्यांनी तेल झाकून ठेवायला आणि पावसाचं पाणी जाणार नाही अशा जागी डबा ठेवायला सुरुवात केली. काही हॉटेलवाले तेल लवकर बदलू लागले, कारण लवकर काढलेल्या तेलाला वरचा दर मिळतो. ज्यांच्या पोटात ते भजी जातात त्यांचाही यात फायदा आहे. चिकनच्या गाड्यांचा आम्लांक मात्र अजून फारसा हललेला नाही. त्यांची कढई लहान, माल ओला, आणि धंदा रात्रीचा. त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करावं लागेल.

थंडीत पामतेलाचं बायोडिझेल गढूळ होतं, ही अडचण मातीनं सुटणारी नाही आणि आम्ही तसा प्रयत्नही केला नाही. त्या महिन्यांत सोयाबीनचं तेल जास्त असलेली बॅच लावायची आणि माल डिझेलमध्ये मिसळायला द्यायचा, एवढंच.

पुढची चाचणी धुण्याच्या पाण्याची आहे. सध्या बायोडिझेल पाण्यानं धुतलं जातं आणि ते साबणाचं पाणी शुद्ध करायला खर्च येतो. बायोडिझेलबरोबर तयार होणारं ग्लिसरीन नीट निवळून काढलं आणि मेथॅनॉल उडवून घेतलं, तर उरलेला थोडा साबण वाळवलेल्या मातीनंच काढता येईल आणि पाणी लागणारच नाही. मात्र ग्लिसरीन मागे राहिलं तर मातीची सगळी जागा तेच अडवतं. शिवाय मानकाप्रमाणे एकूण ग्लिसरॉल (म्हणजे ग्लिसरीनच) ०.२५ टक्क्यांच्या आत हवं, ते मोजायला नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. पहिले नमुने फरसाणच्या तेलाच्या बॅचचेच घ्यायचे, असं ठरलं आहे.